ऋण, क्षमा आणि परतफेड



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या हाताखाली ह्याच इमारतीत मी आठवीपासून एस.एस.एल.सी.पर्यंत शिकलो. ते आम्हांला मराठी आणि अंकगणित असे दोन्ही विषय शिकवीत. संस्थेच्या चालकांनी यंदा मला पाचारण केले, हा माझा मोठाच बहुमान आहे. परंतु हे निमंत्रण मी केवळ बहुमान म्हणून स्वीकारलेले नाही. माझे एक जुने देणे ह्या शाळेत राहून गेले आहे. ते चुकते करण्याची संधी म्हणून मी आज येथे उभा आहे.

‘ख्रिस्ती जीवनातील कृपा, क्षमा आणि पापावरील विजय’ हा माझा आजचा विषय. ह्या सभागृहात ख्रिस्ती मंडळी थोडी आहेत, ह्याची मला जाणीव आहे. आपले सर वारकरी घराण्यातले होते. त्यांच्या गळ्यातील तुळशीची माळ आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. तरीही कृपा म्हणजे काय, हे देवळातील उपदेशातून कळण्याच्या कितीतरी आधी मला सरांकडून कळले. त्यामुळे हा विषय त्यांच्या स्मृतीला परका आहे असे मला वाटत नाही.

तो मराठीलाही परका नाही. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट धर्मगुरू १५७९ साली गोव्यात आले आणि त्यांचे ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे छापून निघाले. पाप, कृपा, क्षमा, तारण ह्या कल्पना ख्रिस्ती अर्थाने मराठीत मांडल्या जाऊ लागल्या, त्याला आता चार शतके होऊन गेली आहेत. ह्या शब्दांकडे थोडे निरखून पाहण्यापासूनच मी आरंभ करतो.

नवा करार मूळ ग्रीक भाषेत लिहिला गेला. त्यात पापासाठी मुख्यतः जो शब्द येतो तो ‘हमार्तिया’. त्याच्या मुळाशी नेम चुकण्याची कल्पना आहे. कृपेसाठी येणारा शब्द ‘खारिस’. त्यात देणाऱ्याची प्रसन्नता आहे, घेणाऱ्याची पात्रता नाही. क्षमेसाठी जे क्रियापद येते त्याचा साधा अर्थ ‘सोडून देणे’ असा आहे आणि ते ऋण सोडण्यालाही लागते. म्हणूनच प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेत, मत्तयाच्या पाठात, अपराधांसाठी ‘ऋण’ हाच शब्द आला आहे. चौथा शब्द ‘मेतानोइया’. आपण त्याला पश्चात्ताप म्हणतो. मराठी शब्दात मागाहून होणारा ताप आहे. ग्रीक शब्दात मनाचे पालटणे आहे. हा फरक लहान नाही. ताप पुष्कळदा नुसताच होत राहतो. माणूस जागचा हलत नाही. हे मी अनुभवाने सांगतो.

ऋणाच्या ह्या कल्पनेवर येशूने सांगितलेला एक दृष्टान्त मत्तयाच्या अठराव्या अध्यायात आहे. एका राजाच्या सेवकाकडे दहा हजार तालांताचे कर्ज निघाले. सेवकाने पाया पडून मुदत मागितली. राजाला दया आली आणि त्याने सारे कर्जच सोडून दिले. तो सेवक बाहेर पडला, आणि त्याचे शंभर दिनार देणे लागणारा एक सोबती त्याला भेटला. सेवकाने त्याचा गळा धरला आणि त्याला तुरुंगात घातले. सर असते तर त्यांनी येथे फळ्यावर हिशेब मांडला असता. तो आपण मांडू. दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दिनार. तेव्हा दहा हजार तालांत म्हणजे ६ कोटी दिवसांची मजुरी. वर्षाकाठी ३०० दिवस काम धरले, तर हे कर्ज फेडायला २ लाख वर्षे लागतील. सेवकाने मुदत मागितली ह्यातच त्याचे अज्ञान आहे. ते कर्ज मुदतीने फिटणारे नव्हतेच. ते कोणीतरी सोडल्याखेरीज गत्यंतर नव्हते.

परंतु उपदेश करणारे बहुधा एका गोष्टीकडे दुर्लक्ष करतात. शंभर दिनार ही काही शून्य रक्कम नव्हे. ती तीन-साडेतीन महिन्यांची मजुरी आहे. म्हणजे माणसाने माणसाचे जे बिघडविलेले असते, ते देवापुढील ऋणाच्या मानाने कितीही अल्प असले, तरी ज्याचे बिघडले त्याच्या घरात ते तीन महिन्यांची चूल विझविणारे असते. ह्या दोन रकमा एकमेकींत मिसळता कामा नयेत. मी त्या मिसळल्या.

श्रोतेहो, आता मी माझ्या ऋणाविषयी बोलतो.

१९६५ च्या सप्टेंबरात पाकिस्तानशी युद्ध झाले. राष्ट्रीय संरक्षण निधीसाठी वर्गावर्गांतून पैसे गोळा होऊ लागले. नववीच्या आमच्या वर्गाचा पत्र्याचा डबा वर्गप्रमुख म्हणून माझ्याकडे असे. त्याच सुमारास गिरसप्प्याच्या सहलीची १५ रुपये वर्गणी भरायची होती आणि माझ्या घरून ती मिळण्याजोगी नव्हती. मी त्या डब्यातून १५ रुपये घेतले. शनिवारी डबा माझ्या बाकावरच्या सोबत्याकडे दिला. सोमवारी तो कार्यालयात पोहोचता करण्याची पाळी त्याची होती. सोमवारी मोजदाद झाली. यादीत ४२ रुपये होते, डब्यात २७ निघाले.

माझा हा सोबती वडगावच्या एका हातमागावरच्या विणकराचा मुलगा. त्याला चोर असे कोणी म्हटले नाही. परंतु सारा वर्ग त्याच्याकडे पाहू लागला. माझ्याकडे कोणी पाहिले नाही. “मी घेतले नाहीत,” एवढेच तो एकदा म्हणाला. तिसऱ्या दिवसापासून त्याने शाळेत येणे सोडले. मी सहलीला गेलो. धबधब्याच्या प्रवाहांची नावे मी वहीत लिहून घेतली होती. प्रत्यक्ष पाहिलेले मात्र मला काहीही आठवत नाही.

सहलीहून परतल्यावर एका संध्याकाळी मी सरांच्या घरी गेलो आणि सारे सांगितले. सरांनी ऐकून घेतले. मग ते म्हणाले, “पैसे मी त्याच दिवशी भरले आहेत. ते तू मला परत करायचे नाहीत. माझ्याकडून तुला क्षमा आहे. पण बाळ, त्याच्या घरी तुलाच जायला हवं. मी जाऊन आलो. माझा तुमच्या मुलावर विश्वास आहे, एवढं त्याच्या वडिलांना सांगितलं. पण त्यांनी त्याला मागावर बसवलं आहे. खरं काय ते तू जाऊन सांग.” मी म्हणालो, “जातो, सर.”

मी गेलो नाही.

सरांनी पुन्हा कधी विचारले नाही. त्यांच्या ममतेत तीळभरही उणेपणा आला नाही. त्यांच्याच शिफारशीने मला पुढे कॉलेजात सवलत मिळाली. मी कमावली नव्हती अशी कृपा मला मिळाली, आणि ती खरी होती. तिच्याविषयी आजही माझ्या मनात किंतु नाही. कृपा कमावता येत नाही, हा तर ख्रिस्ती श्रद्धेचा गाभा आहे.

पंडिता रमाबाईंचा अनुभव ह्या संदर्भात मला नेहमी मोलाचा वाटत आला आहे. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला. भारतात परतून १८८९ साली त्यांनी शारदा सदन काढले. विद्वत्ता, त्याग, सेवा ह्यांपैकी कशाचीही त्यांच्याजवळ वाण नव्हती. तरीही १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षीत त्या सांगतात, की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना उमगले : ख्रिस्ती धर्म आपल्याला मिळाला होता, प्रत्यक्ष ख्रिस्त मिळाला नव्हता. तोवर त्या तारण आपल्या प्रयत्नांत शोधीत होत्या; ते दान म्हणून घ्यायचे असते हे नंतर कळले. ज्या स्त्रीने लहानपणापासून व्रते, तीर्थयात्रा आणि अनवाणी प्रवास ह्यांत पुण्याचा संचय कसा करतात हे पाहिले होते, तिला रिकाम्या हातांनी उभे राहणे किती अवघड गेले असेल! पुढे केडगावला मुक्तिसदनाच्या आवारात, ज्यांना समाजाने पतित ठरविले अशा स्त्रियांसाठी त्यांनी वेगळे घर उभारले, त्याचे नाव ‘कृपासदन’. जे स्वतःला फुकट मिळाले, त्याची भिंत आणि छप्पर करून त्यांनी ते दुसऱ्यांना दिले.

परंतु फुकट मिळालेल्या वस्तूचा माणूस दुरुपयोगही करतो. कृपा वाढावी म्हणून पाप करीत राहावे काय, असा प्रश्न प्रेषित पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात स्वतःच उपस्थित केला आहे आणि तो ठामपणे झिडकारला आहे. जर्मन धर्मवेत्ते डीट्रिख बोनहोफर ह्यांनी १९३७ सालच्या आपल्या ग्रंथात ‘स्वस्त कृपा’ आणि ‘महाग कृपा’ असा भेद केला. ज्या कृपेपायी माणसाला काहीच बदलावे लागत नाही, ती स्वस्त. हिटलरच्या राजवटीत हे लिहिणाऱ्या बोनहोफर ह्यांना ९ एप्रिल १९४५ रोजी फाशी देण्यात आले. तेव्हा महाग ह्या शब्दाचा अर्थ त्यांनी पुरता जाणला होता, असे म्हणायला हरकत नाही. सरांची क्षमा महाग होती; त्यांनी तुटपुंज्या पगारातून १५ रुपये भरले होते. मी ती घेऊन स्वस्त केली.

मग कृपेने पापावर विजय मिळतो, असे जे आपण म्हणतो ते खोटे काय? ह्या प्रश्नाने मला पुष्कळ वर्षे छळले. त्याचे उत्तर मला एका इंग्रज खलाशाच्या चरित्रात सापडले. ‘अमेझिंग ग्रेस’ हे स्तोत्र आपल्यापैकी अनेकांनी ऐकले असेल. त्याचा कर्ता जॉन न्यूटन. १७४८ च्या मार्चमध्ये भर समुद्रात त्याचे जहाज वादळात सापडले. त्याने देवाचा धावा केला, तो वाचला, आणि आपल्या परिवर्तनाचा दिवस म्हणून तो दिवस त्याने जन्मभर पाळला. आपली समजूत अशी, की हा मनुष्य त्याच दिवशी गुलामांच्या व्यापारातून बाहेर पडला असेल. तसे झाले नाही. त्यानंतरच तो गुलामवाहू जहाजांचा कप्तान झाला. १७५४ पर्यंत त्याने हा धंदा केला, आणि तो सोडला तोही प्रकृती बिघडल्यामुळे. १७६४ साली तो धर्मगुरू झाला. ते स्तोत्र १७७३ च्या वर्षारंभाच्या उपासनेसाठी रचले गेले. तरी गुलामांच्या व्यापाराविरुद्ध त्याची पुस्तिका निघाली ती १७८८ साली, म्हणजे वादळानंतर ४० वर्षांनी. आपली ही कबुली फार उशिरा येत आहे, असे त्याने तीत स्वतःच म्हटले आहे. मग मात्र तो गप्प राहिला नाही. चौकशीपुढे त्याने साक्षही दिली. १८०७ च्या मार्चमध्ये ब्रिटिश पार्लमेंटने ह्या व्यापारावर बंदी घातली, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात न्यूटन वारला.

न्यूटनचे उदाहरण मी त्याच्या विलंबाचे समर्थन म्हणून देत नाही. त्या जहाजांच्या तळाशी जे साखळदंडांत होते, त्यांना त्याच्या सावकाश होणाऱ्या परिवर्तनाची किंमत मोजावी लागली. तथापि कृपेच्या कार्याविषयी त्यातून दोन गोष्टी कळतात. एक अशी, की कृपा एका क्षणात भेटते, परंतु माणसाच्या साऱ्या खोल्या एकाच क्षणी उजळत नाहीत. ज्या खोलीत आपली सोय आणि आपली अब्रू ठेवलेली असते, तिचे दार सर्वांत शेवटी उघडते. दुसरी अशी, की क्षमा मिळालेला माणूसच अखेरीस पाहण्याचे धैर्य करतो. ज्याला क्षमेची आशाच नाही, तो आपला अपराध शेवटपर्यंत नाकारीत राहतो. कारण तो मान्य केला तर त्याच्याजवळ काहीच उरत नाही. पापावरील विजय म्हणजे पुन्हा कधीच न घसरणे, असे मी मानीत नाही. आपल्या पापाला त्याच्या खऱ्या नावाने, ज्याचे नुकसान झाले त्याच्या समोर हाक मारता येणे, ही त्या विजयाची पहिली पायरी होय.

आता ज्याचे नुकसान झाले त्याच्या बाजूने विचार करू. २२ जानेवारी १९९९ च्या रात्री ओडिशातील मनोहरपूर ह्या खेड्यात ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची फिलिप व टिमोथी ही दोन मुले मोटारीत झोपलेली असताना जमावाने त्यांना जिवंत जाळले. मुले १० आणि ६ वर्षांची होती. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस ह्यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे जाहीर केले, आणि आपल्या मुलीसह त्या बारीपदा येथील कुष्ठरुग्णांच्या सेवेत २००४ पर्यंत राहिल्या. न्यायालयाचे काम मात्र थांबले नाही. मुख्य आरोपीला २००३ साली फाशीची शिक्षा झाली, २००५ साली उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेत बदलली आणि २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप कायम केली. क्षमेने खटला मिटत नाही. क्षमा करणारी व्यक्ती सूडाचा आपला हक्क सोडते. घडले ते घडलेच नाही, असे ती म्हणत नाही. आणि ही क्षमा देण्याचा अधिकार तिचा असतो. तो दुसऱ्या कोणाला परस्पर वापरता येत नाही. सरांची क्षमा १५ रुपयांपुरती सरांची होती. माझ्या सोबत्याच्या वतीने त्यांनी ती दिली नव्हती. मीच तशी सोयीस्कर समजूत करून घेतली होती.

लूकच्या शुभवर्तमानात जक्कयाची गोष्ट आहे. हा जकातदारांचा मुख्य. तो उंबराच्या झाडावर चढून बसला होता, आणि येशूने त्याला खाली बोलावून त्याच्याच घरी उतरण्याचे ठरविले. येथे क्रम पाहण्यासारखा आहे. आधी येशू त्याच्या घरी जातो. मग जक्कय उभा राहून परतफेडीची भाषा बोलतो. जुन्या नियमशास्त्रात, आपण होऊन अपराध कबूल करणाऱ्याने मूळ रकमेत एक पंचमांश भर घालून ती परत करावी, अशी तरतूद होती. जक्कयाने चौपट देऊ केले. परतफेड ही कृपेची किंमत नव्हती. ती कृपेचे फळ होते. परंतु जेथे फळ धरतच नाही, तेथे मुळाविषयी शंका घेणे रास्त ठरते.

सर १९९४ साली निवर्तले. माझ्या सोबत्याच्या दारात मी गेलो तो २०१९ साली, म्हणजे ५४ वर्षांनी. न्यूटनपेक्षाही १४ वर्षे अधिक. वडगावच्या त्या गल्लीत आता हातमागांच्या जागी यंत्रमागांचा आवाज होता. त्याने मला ओळखले. मी उभ्यानेच सांगितले. तो म्हणाला, “मला ठाऊक होतं. डबा हातात घेतला तेव्हाच हलका लागला होता.”

“मग बोलला का नाहीस?”

“कोण ऐकणार होतं? तू वर्गप्रमुख. आलास, बस की.”

चहा झाला. मग त्याने मला दोन प्रश्न विचारले. पहिला असा, की सरांना सत्य कळले होते, तर त्यांनी वर्गात का सांगितले नाही? ह्याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते, आजही नाही. मी सांगेन असा सरांना विश्वास होता, असे मला वाटते. माझ्यावरच्या त्या विश्वासाची किंमत दुसऱ्या मुलाने दिली. सरांवर माझी जी भक्ती आहे ती हे मान्य केल्याने कमी होत नाही. कृपा करणाऱ्या थोर माणसाच्याही दृष्टीतून कोणी सुटू शकतो.

दुसरा प्रश्न असा : “माझ्यावर आळ आला तो वर्गात, चाळीस पोरांसमोर. आणि तू मला घरात येऊन सांगतोस?” थोड्या वेळाने तो म्हणाला, “माझी शाळा गेली ती गेली. त्याबद्दल ‘असू दे’ असं मी म्हणणार नाही. पण ज्या जागी आळ आला त्या जागी सांग. मग बघू.”

श्रोतेहो, मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशूचे सांगणे आहे, की वेदीपाशी अर्पण आणले असता भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी जावे आणि समेट करावा. अनेक वर्षे मी अर्पणे करीत राहिलो. उठून गेलो नाही. यंदा शाळेचे निमंत्रण आले तेव्हा मी चालकांना सारी हकीकत कळविली, आणि हे भाषण पुस्तिकेत जसेच्या तसे छापावे अशी विनंती केली. त्यांनी ती मान्य केली, ह्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. माझ्या सोबत्याने आपले नाव घेऊ नये असे सांगितले आहे. १९६५-६६ च्या नववीचे जे माझे वर्गबंधू आणि वर्गभगिनी येथे बसले आहेत, त्यांना ते नाव माहीत आहे.

त्यांना आणि ह्या शाळेला मी सांगतो : संरक्षण निधीच्या डब्यातले १५ रुपये मी घेतले होते. तो निर्दोष होता.

देवाने मला क्षमा केली आहे, अशी माझी श्रद्धा आहे. सरांनी केली होती, हे मला ठाऊक आहे. माझा सोबती करील किंवा न करील. तो त्याचा अधिकार आहे आणि त्याबाबत त्याच्याकडे मी तगादा लावणार नाही. उद्या सकाळी मी वडगावला जाऊन, ‘सांगितले’ एवढेच त्याला कळविणार आहे.